फळ्याकडे तोंड

गणिताच्या सरांना फळ्याकडे तोंड करून शिकवायची जुनी खोड. पहिल्या बाकावरच्या मुलीला ऐकू येत नसे. तिने एकदा विनवलं, "सर, आमच्याकडे बघून बोला ना, मी ओठ वाचते." सर उखडले, "तुझ्या एकटीपायी अख्ख्या वर्गाला वेठीस धरू?" मुलीने कॉलेज सोडलं, पाठमोऱ्या सरांना ते कित्येक दिवस कळलंही नाही.

आज फळ्याशी बोलता बोलता सरांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. खडूचाही नाही. ते वळले. पोरं काहीतरी सांगत होती, पण कानावर अक्षर पडेना. सरांनी जीव एकवटून त्यांच्या ओठांवर नजर लावली. पहिला शब्द उमगतोय न उमगतोय, तोच अख्खा वर्ग, बोलता बोलताच, मागच्या भिंतीकडे तोंड करून बसला.