दगडाची नडगी

पिंपळीच्या धोंडाबाईचा पाय म्हणजे सगळ्या पंचक्रोशीचा दवाखाना. आईच्या पोटातून ती पायांकडून बाहेर आली, म्हणजे पायाळू. आणि पायाळू माणसानं पाय लावला की उसण पळते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुणाची कंबर धरली, कुणाची मान आखडली की माणूस हिच्या दारात हजर. बाईचा रुबाबही तसाच. का नसावा? वांग्याची पाटी घेऊन बारामतीच्या बाजाराला निघाली तर वाटेत एखाद्याची उसण काढूनच पुढं जायची.

पण छत्तीस सालच्या दिवाळीत तिच्याच घरात घोडं अडलं होतं. तिचा झुंबर, एकोणीस वर्षांचा, तालमीत अंग कमावलेला पोरगा. त्याच्या गुडघ्याखाली नडगीवर सूज आली. मुरगळलं असेल म्हणून वस्तादानं तेल लावून रगडलं, तर सूज आणखी वाढली. पुण्याच्या डॉक्टरनं यंत्रानं हाडाचा फोटो काढला आणि सांगितलं, हाडातच वाईट गाठ आहे, पाय मांडीपासून काढा, तोही लवकर, नाहीतर पोरगा हाती लागायचा नाही. धोंडाबाई अशी भडकली म्हणता! जगाची दुखणी मी पायानं काढते आणि माझ्याच पोराचा पाय कापता? तशीच पोराला घेऊन ती घरी आली आणि रोज सकाळी त्या गाठीवर स्वतःचा पाय ठेवून दाबू लागली. नवरा कुंडलिक जरा घुटमळला, पण हिच्यापुढं बोलायची त्याची छाती कधीच नव्हती.

अशात बारामतीहून वकिलांच्या द्वारकाबाईंचं बोलावणं आलं. त्यांचा रमाकांत पुण्याच्या कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवायचा. सुट्टीला येताना त्यानं जबलपूरकडची जुनीपुराणी हाडं बरोबर आणली होती, आणि त्यातलं एक उचलताना कंबरेत जी उसण भरली, गडी जागचा उठेना. एवढा शिकलेला, पण आईपुढं काय चालतंय? मुकाट्यानं पालथा पडला. धोंडाबाईनं पाय लावला, हळूहळू दाबला, आणि थोड्या वेळानं तो उठून बसला.

खूश होऊन तो तिला हाडं दाखवू लागला. पार दगड झालेली. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी डायनासोर नावाची अवाढव्य जनावरं होती, त्यांच्या पायांची हाडं ही, असं तो म्हणाला. मांडीच्या हाडाचं डोकं आत वळलेलं. म्हणजे पाय घोरपडीसारखे बाजूला फाकलेले नव्हते, कोंबडीसारखे सरळ अंगाखाली होते. पाखरं यांच्याच भाऊबंदांतली असावीत, असंही काही विद्वान म्हणतात. एवढाल्या धुडाचं आणि माझ्या कोंबडीचं गोत्र एक म्हणायचं, म्हणून धोंडाबाई हसलीसुद्धा. मग त्यानं एक नडगी पुढं ओढली, आडवी कापून गुळगुळीत घासलेली. आत झाडाच्या खोडात असतात तशी वलयं होती, वर्षाला एक. वलयं रुंद, म्हणजे जनावर तरणं होतं, भराभर वाढत होतं, असं तो सांगत होता.

धोंडाबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. गुडघ्याच्या जरा खाली, बरोब्बर त्याच जागी, ते हाड फुगलं होतं. तिनं बोट ठेवलं. रोज सकाळी तळपायाला लागायचा तोच उंचवटा.

"हे काय हाय?"

गाठ, रमाकांत म्हणाला. हाड पिसाळल्यागत भलतीकडंच वाढत सुटलं.

"मग ते जगलं किती?"

त्यानं कडेवरून नख फिरवलं. गाठ आल्यानंतरचं एकही वलय पुरं झालेलं नव्हतं. "वर्षसुद्धा काढलेलं दिसत नाही, मावशी."

"मानसाला हुतं का हे?"

"होतं. वाढत्या वयात. बहुतेक गुडघ्याजवळच." एवढं बोलून त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं.

द्वारकाबाईंनी दिलेला फराळ तिथंच राहिला. कॅनॉलच्या कडेनं ती जवळजवळ पळतच निघाली. आपण दाबत होतो ती मुरगळ नव्हतीच. दाबून दाबून आपणच ते पोराच्या अंगात वर ढकललं की काय?

अंगणात उसणवाली माणसं वाट बघत बसली होती. त्यांच्याकडं न बघता ती आत गेली आणि कुंडलिकला म्हणाली, गाडी जुंपा, पुण्याला जायचं, पाय कापू द्या त्यांना. कुंडलिक तडक उठला. झुंबर मात्र हलला नाही. लंगडा होऊन जगायचं न्हाय मला, म्हणाला. आईच्या पायानंच बरा हुणार.

"माझ्या पायात काय बी न्हाय रं, लेकरा."

असं ती जन्मात बोलली नव्हती. अंगणातली माणसं एकमेकांकडं बघू लागली. कुंडलिकनं हात जोडले, ती रडली, चिडली, पोराला गदागदा हलवलं. तो नुसता हसला. सारी पंचक्रोशी जिच्या पायानं बरी झाली ती आईच घाबरली, आणि घाबरलेल्या माणसाचं ऐकायचं नसतं, हे त्याला तिनंच शिकवलं होतं.

"भ्यालीस तू, आये. दाब."

तिचा पाय त्यानं दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या नडगीवर ठेवला. तळव्याखाली गाठ गरम लागत होती, कालच्यापेक्षा मोठी. झुंबरनं डोळे मिटून घेतले. त्याच्या चेहऱ्यावर एवढा भरवसा होता, की धोंडाबाईला पाय काढून घेता येईना.