छातीएवढी न्हाणी

खेमसिंगनं "मी करतो ना!" म्हटलं की हंसाबाई देवाला हात जोडायची. तांड्यातल्या बाकीच्या बाया नवऱ्याच्या दारूला भ्यायच्या, ही नवऱ्याच्या हौसेला भ्यायची. आणि का नाही भिणार? घराचं दार त्यानंच बसवलं होतं. ते उघडायचं तर आधी दोन्ही हातांनी उचलावं लागे, आणि डोक्यावर घागर असली की बाहेरच उभं राहून कोणाला तरी हाक मारावी लागे. चूल त्यानंच घातली होती. भाकर कच्ची राहायची, पण डोळे मात्र भाजून निघायचे. दाराशी जमवून घेतलं, चुलीशी जमवून घेतलं. न्हाणीला मात्र याला हात लावू द्यायचा नाही, असं तिनं देवासमोर बसून ठरवलं होतं.

त्याला कारण होतं. त्यांची एकुलती एक लेक धनी दिवाळीनंतर पहिल्या बाळंतपणाला येणार होती, आणि दिग्रसजवळच्या त्या तांड्यात कोणाच्याच घरी न्हाणी नव्हती. पुरुष विहिरीवर भर उन्हात उघडेबंब आंघोळ करत, त्यांना काय! बाया उजाडायच्या आत बाजेला घोंगडी अडकवून तिच्या आड दोन तांबे अंगावर घेत आणि चोरासारख्या घरात पळत. धनी झाली तेव्हा हंसाबाई तशीच न्हात होती. ओली बाळंतीण, कडाक्याची थंडी, कोणी येतं की काय म्हणून अर्धं अंग कोरडंच. ताप भरला तो उतरेचना, दूध आटलं, आणि लेक शेजारच्या रुपीबाईच्या दुधावर जगली. हे ती कोणाला सांगत नसे, पण विसरलीही नव्हती. आपल्या लेकीनं उन्हं वर आल्यावर, कढत पाण्यानं, कोणाला न भिता न्हावं, एवढंच तिला पाहिजे होतं. फार होतं का ते?

म्हणून बाजाराच्या दिवशी ती दिग्रसला गेली आणि उकंडा गवंड्याला परस्पर सांगून आली. उकंडा हाताचा चोख, तोंडाचा फाटका.

"येतो बाई. पण चहा घट्ट पाह्यजे, अन् मधात कोणी मले शिकवाचं नाही."

घरी येऊन सांगितलं, तर खेमसिंग जेवता जेवता ताटावरून उठला.

"गवंडी? माह्या घरी गवंडी? आपला आजा लदेणीवर जाये, ठाऊक हाय ना? बैलांवर मीठ लादून मुलूख फिरे. मुक्कामाले गोण्यांची भिंत रचे, ना माती ना चुना, अन् बैलानं धडक मारली तरी हाले ना. त्याच्या मांडीवर बसून शिकलो मी रचणं. अन् मले तो उकंडा शिकवन?"

"गोण्यांचं नाही, न्हाणीचं बोलून राह्यली मी."

"भिंत म्हंजे भिंत. मी करतो ना!"

झालं! दुसऱ्याच दिवशी नाल्यातले काळे दगड गाडीत भरून यायला लागले. खोटं कशाला बोला, रचण्यात हात होता त्याचा. घराच्या मागच्या अंगाला त्यानं दगडावर दगड असा बसवला की फटीत सुरी जाऊ नये. म्हातारी माणसं काठ्या टेकत येऊन पाहून गेली. "आज्याचा हात उतरला," म्हणाली. खेमसिंगची छाती फुगली, आणि भिंत त्या छातीपर्यंत आली तेव्हा त्यानं हात झटकले.

"झाली."

"काय झाली?"

"न्हाणी."

हंसाबाई आत गेली. बसून पाहिलं, ठीक होतं. उभी राहिली, तर खांद्यापासून वर सगळीच्या सगळी बाहेर! समोरून गुलाबसिंग बैल पाण्यावर घेऊन चालला होता, त्यानं चांगला थांबून रामराम घातला. शेजारून रुपीबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"हंसा, न्हाता न्हाता गावगप्पाही होतीन वं!"

"हसू नको वं, मले रडू येऊन राह्यलं," हंसाबाई म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "अजून दोन हात चढवा."

"चढवत नसतात. आजा छातीएवढीच रचे. राखणीवाल्याले भिंतीवरून चोर दिसला पाह्यजे."

"न्हाणीतून चोर काय नेईन? तांब्या?"

"तुले नाही समजत. वर वजन झालं का गोण्या पोटातून फुटतात."

"दगडाले पोट असते काय?"

यावर खेमसिंगनं पागोटं डोक्यावर दाबलं आणि शेतात निघून गेला. पंचाईत झाली की त्याला नेहमी शेत आठवायचं.

ठरल्या दिवशी उकंडा सायकलवरून आला. थापी, ओळंबा पिशवीत. त्यानं न्हाणीभोवती एक चक्कर मारली.

"हे काय हाय? वासरं बांधाले?"

"न्हाणी," हंसाबाई खाली मान घालून म्हणाली. उकंडा असा हसला की झाडावरचे कावळे उडाले.

"बाई, याच्यावर मी एक दगड ठेवणार नाही. कोरड्या रचाईवर वर चढवलं का लोटून येते. बुडापासून उकलावं लागन."

खेमसिंग भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "हात लावून पाह्य!"

"मले काय खाज सुटली? तुया घरची भिंत, तूच पाह्य तिच्याकडं!"

त्यानं पिशवी सायकलला अडकवली आणि वळला. चुलीवर ठेवलेला घट्ट चहा आटून आटून काळा झाला. हंसाबाईनं तो रागारागानं एकटीनं पिऊन टाकला.

मग ती रोज बोलली. जेवताना बोलली, दळताना बोलली, भिंतीला ऐकवून बोलली. खेमसिंग एकच म्हणे, "पाहू." दिवाळी गेली, धनी आली, पौषात तिला लेक झाली. पाहायचं ते राहूनच गेलं.

बाळंतिणीच्या न्हाण्याच्या दिवशी गार वारं सुटलं होतं. आत दाई पाणी घालत होती. भिंतीच्या बाहेर हंसाबाई, रुपीबाई आणि तांड्यातल्या आणखी दोघी, अशा चौघी हात वर करून, घोंगड्या ताणून धरून उभ्या होत्या. हंसाबाईचे खांदे भरून आले होते. धनीच्या वेळेला, बाळंतपण करायला इथं आलेल्या हंसाबाईच्या आईनं बाजेवरची घोंगडी अशीच हात वर करून धरली होती, आणि आता इतके दगड वाहून, इतकी तोंडं वाजवून, ती पुन्हा तिथंच येऊन उभी होती. तिला वाटलं, घोंगडी फेकावी आणि भोकाड पसरावं.

तेवढ्यात खेमसिंग डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन शेतातून आला. चार बाया हात वर करून उभ्या पाहून तो थबकला.

"काय चाललं हे?"

"तुमच्या भिंतीची राह्यलेली उंची धरून राह्यलो," हंसाबाई म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं. आजा ओठांवर आलाच होता. इतक्यात आतून धनीनं बारीक आवाजात आईला हाक मारली.

"याडी, बापू अजून हाय का तिथं? माह्या पायाले गोळे आले वं. उभी राहू का?"

रुपीबाईनं खाली पाहिलं. खेमसिंगनं पटकन पाठ फिरवली, गाठोडं ओसरीवर टाकलं आणि बैल सोडून गाडीला जुंपायला लागला. जू बसवताना बैलाच्या गळ्याची सापती दोनदा सुटली.

"कुठं?" हंसाबाईनं विचारलं.

"दिग्रसले. उकंड्याले आणतो." तो तिच्याकडे न पाहता गाडीवर चढला. जरा थांबून म्हणाला, "भिंत मीच उकलून देईन. दगडही मीच देईन त्याच्या हातात."

"द्या. पण तोंड न उघडता द्या."

गाडी घराच्या कोपऱ्यावरून वळली. हंसाबाईनं घोंगडी आणखी वर उचलली.

"ऊठ बाई," ती म्हणाली, "गेला तो."