राजारामभाऊंचे कान

जळका वास आधी माझ्या घरात आला, कारण आमची भिंत एकच. मी गॅस बघितला, फ्रिजच्या मागे वाकून बघितलं, मग म्हटलं हा पलीकडचाच. पिठाच्या हातांनी तशीच बाहेर पडले. नंदाचं दार उघडं होतं. ती राजारामभाऊंच्या अँप्लिफायरसमोर तोंडावर हात ठेवून उभी, आणि त्या लोखंडी पेटीतून धूर निघतोय. मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग खिडकी उघडली. नंदा जागची हलली नाही.

"सुगंधा, मी काय करून बसले गं," एवढंच म्हणाली.

राजारामभाऊ, म्हणजे तिचा नवरा, तेव्हा हॉस्पिटलात होते. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. हात पार गेला, पाय ओढत टाकायला लागले, जीभ जड झाली. परवा घरी सोडणार होते. डॉक्टरांनी नंदाला बजावून सांगितलं होतं की ह्यांना आता कसलाही धक्का बसता कामा नये. आणि इथे ही त्यांचा जीव की प्राण जाळून बसलेली.

हा अँप्लिफायर काय प्रकरण होतं ते सांगायला मीच बरी, कारण त्याच्यावरून ह्या माणसाशी मी वर्षानुवर्षं भांडले आहे. भाऊ विक्रोळीच्याच एका कंपनीत कॉइल गुंडाळायच्या खात्यात होते. रिटायर झाल्यावर माणसं गावाला जातात, देवाला जातात, ह्यांनी भंगार आणायला सुरुवात केली. जुने, काचेच्या वॉल्व्हचे अँप्लिफायर. मेलेले आणायचे आणि जिवंत करून लोकांना द्यायचे. घरातला मात्र त्यांनी कोणाला दिला नाही. तो एका बंद पडलेल्या थिएटरच्या भंगारातून आला होता, आणि त्याच्याबरोबर दोन स्पीकर, कपाटाएवढे. आतला कागद उंदरांनी खाल्लेला. भाऊंनी नवा कागद चिकटवला आणि जुन्या सागवानी दारांची फळकुटं कापून खोकी बनवली. कन्नमवार नगरातली आमची घरं केवढी, तुम्हाला माहीत असेल तर हसाल. पाहुणा आला की तो स्पीकरवर बसायचा.

रविवारी सकाळी भाऊ आंघोळ करून बुद्धाला आणि बाबासाहेबांना फुलं वाहायचे आणि अँप्लिफायर लावायचे. लावला की लगेच गाणं नाही. वॉल्व्ह हळूहळू लालसर व्हायचे, तोवर हे चहा प्यायचे. मग तबकडी. कधी भीमगीतांची कव्वाली, कधी नाट्यगीत, कधी कोणा बाईची ठुमरी. माझी रविवारची झोप गेली ती कायमची. मी भिंतीवर लाटणं आपटायची.

एकदा ते स्वतः दारात आले. म्हणाले, वहिनी, भिंतीतून नुसता गोंगाट येतो, आत येऊन ऐका. मी भांडायलाच गेले होते. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, बाई श्वास कुठे घेते तेवढं सांगा. आता खोटं कशाला बोलू. मला ती बाई समोर बसल्यासारखी ऐकू आली. तिने पदर सावरला तेसुद्धा कळलं. भांडण मी काही सोडलं नाही, पण रविवारी जाऊन बसायला लागले.

हे सगळं त्या आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे, असं भाऊ म्हणायचे. वॉल्व्ह आणि स्पीकर ह्यांच्या मधला जड लोखंडी ठोकळा, पोटात केसाएवढ्या बारीक तारेचे वेढे. तो त्यांनी घरीच हाताच्या मशीनवर गुंडाळला होता. एक थर तार, वर कागद, पुन्हा थर. गुंडाळायला बसले की दार बंद आणि घरात कोणी तोंड उघडायचं नाही, कारण मोजणी चुकते. एकदा मी मध्येच साखर मागायला गेले, तर हा माणूस आधी माझ्यावर ओरडला आणि पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. विकतचा ट्रान्सफॉर्मर का नाही घेत, म्हणून विचारलं तर म्हणाले, विकतच्यातून आवाज येतो, गाणं येत नाही.

आणि नंदाने तोच जाळला. तिचं तरी काय चुकलं? भाऊंसाठी लोखंडी खाट आणायची होती, जागा नव्हती. तिने दोन्ही स्पीकरच्या वायरी काढल्या आणि खोकी ढकलत ढकलत आत नेली. मग तिच्या मनात आलं, हे घरी असले की अँप्लिफायर अधूनमधून तापवतात, दमट हवेत पडून राहू देत नाहीत. आल्या आल्या आधी त्यालाच हात लावतील. म्हणून तिने तो लावला, आणि ते लावायचे तशी तबकडीही लावली. स्पीकर नाहीत, म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नाही, असा तिचा साधा हिशोब.

"आणि सुगंधा, त्याच्यातनं गाणं आलं गं," ती म्हणाली. "स्पीकर नसताना. त्या ठोकळ्यातनंच. एकदम बारीक."

तिला वाटलं ही ह्यांचीच काहीतरी करामत. घरात इतके दिवस ह्यांचा शब्द नव्हता, हॉस्पिटलातही बोललेलं कळत नव्हतं. ती जमिनीवर बसून त्या ठोकळ्याला कान लावून ऐकत राहिली. बारीक येतंय म्हणून तिने आवाजाचं बटण फिरवलं. आणखी फिरवलं. मग वास आला.

भाऊंचे कंपनीतले दोस्त श्यामसुंदर घाटकोपरला राहतात. ते रिक्षा करून आले. पेटी उलटी करून बघितली. मग आम्हाला समजेल असं सांगितलं, की वॉल्व्हची ताकद स्पीकरमध्ये जायला हवी. स्पीकरच नसला तर ती आतच कोंडते, ट्रान्सफॉर्मर थरथरतो, त्यातून गाणं येतं आणि शेवटी जळतो. साकीनाक्याला नवा गुंडाळून देणारे आहेत, पण परवापर्यंत कोणी देणार नाही. आणि राजासारखा तर कोणीच नाही.

नंदाने त्यांचे पायच धरायचे बाकी ठेवले होते. भाऊ यायच्या आत ह्याच्यातून काहीतरी आवाज आला पाहिजे, एवढं एकच तिचं चाललं होतं. श्यामसुंदर म्हणाले की स्वस्तातल्या होम थिएटरमध्ये असते तसली तळहाताएवढी सर्किटची पट्टी आत बसवता येईल, गाणं तिच्यातून येईल. वॉल्व्ह पेटतील, पण नुसते दिसायला. "पण वहिनी, राजाला पहिल्या सुराला कळेल." मी म्हटलं, कळलं तर कळलं, पण येताक्षणी नको ना कळायला. आधी माणूस घरात तर येऊ दे.

भाऊ आले. खालच्या पोरांनी खुर्चीत बसवून जिन्याने वर आणले. मजल्यावरचे सगळे दारात. जय भीम म्हणायला त्यांनी डावा हात उचलला, तोंड एका बाजूने हसलं. मला तर बघवेना. खाटेवर टेकले आणि त्यांनी पहिली नजर टाकली ती अँप्लिफायरकडे. स्पीकर परत जागेवर आले होते, आता चालायला वाट नव्हती, पण ते होते.

रविवारी त्यांनी बोटाने खूण केली. श्यामसुंदर मुद्दाम आले होते. नंदाने बटण दाबलं. वॉल्व्ह लाल झाले. ठुमरीची तबकडी लागली. मला विचाराल तर गाणं चांगलं वाजलं, मोठं, स्वच्छ. भाऊंनी डोळे मिटले. श्यामसुंदर फरशीकडे बघत होते, नंदा पदराचं टोक पिळत होती. भाऊंनी मध्येच डोळे उघडले, आमच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं आणि पुन्हा मिटले. तबकडी संपली तेव्हा ते म्हणाले, "छान."

नंदाचा जीव भांड्यात पडला. ती चहा टाकायला पळाली. मी श्यामसुंदरांच्या मागे गॅलरीत गेले, तर तो एवढा मोठा माणूस कठड्याला धरून रडत होता.

"राजाला कळलं नाही," म्हणाले. "वहिनी, त्याला कळलंच नाही."

 आम्ही सगळे देवाचा धावा करत होतो की ह्यांना कळू नये, आणि ते कळलं नाही म्हणजे माणूस किती गेला ते कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंतर भाऊंनी गाणं मागितलं नाही. नंदा रोज विचारायची, लावू का, आणि ते मानेनेच नको म्हणायचे. व्यायाम शिकवणारी मुलगी यायची, तिच्यासमोर हात उचलायचेच नाहीत. जेवण अर्धं टाकायचे. भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी आजाराला दोष दिला, नंदाने स्वयंपाकाला. पुढचा रविवार आला आणि गेला. माझ्या भिंतीतून काही आलं नाही, मी सकाळी उठून बसले आणि वेड्यासारखी वाट बघत राहिले.

एका दुपारी मी उकड्या तांदळाची पेज घेऊन गेले. श्यामसुंदरही भेटायला आले होते. भाऊ उशाला टेकून बसले होते. त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट केलं, ते हाताने गुंडाळायचं.

"ते... श्यामला दे," नंदाला म्हणाले.

"कशाला?"

"मला... काय उपयोग. आता."

नंदाने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच नको म्हटलं, पण ती ऐकणाऱ्यातली नाही. खाटेजवळ जमिनीवर बसली आणि सरळ सांगून टाकलं.

"तुमचा ट्रान्सफॉर्मर मी जाळला. स्पीकर काढले होते आणि मी चालू केला. तुम्ही ऐकलं ते तुमचं नव्हतंच. आत बाजारातली पट्टी आहे. श्यामसुंदरांनी बसवली, मी सांगितलं म्हणून. आता मला काय बोलायचं ते बोला."

भाऊ तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता काहीतरी होणार, श्यामसुंदर तर उठून उभेच राहिले.

"पट्टी?" भाऊ म्हणाले.

"हो."

"मग... माझे कान?"

कोणाला काही समजेना. भाऊंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शब्द सापडायला त्यांना वेळ लागत होता, आम्ही थांबलो.

"मला वाटलं... माझे कान गेले."

मग ते तुटक तुटक बोलत गेले आणि आम्हाला सगळं कळलं. पहिल्या सुरालाच त्यांना लागलं होतं. बाईचा श्वास नव्हता, खर्ज पोकळ होता, गाण्यात कोणी बसलेलं नव्हतं. त्यांनी आमची तोंडं बघितली. श्यामसारखा माणूस समोर, नंदा समोर, मी समोर, आणि कोणाला काही खटकत नाही. म्हणजे अँप्लिफायर बरोबर आहे आणि झटक्याने हातापाठोपाठ आपले कानही नेले, असं ते धरून चालले. नंदाला कशाला आणखी दुःख, म्हणून छान म्हणाले. इतके दिवस हा माणूस भिंतीकडे तोंड करून ते एकट्याने गिळत होता, आणि तिला वाचवायला बघत होता. आम्ही त्यांना वाचवायला बघत होतो. आमच्यासारखे शहाणे आम्हीच.

श्यामसुंदरांना त्यांनी हातानेच सांगितलं, काढ ते. पट्टी निघाली.  मग त्यांनी जळका ट्रान्सफॉर्मर मागितला. नंदाने तो टाकला नव्हता, फडक्यात बांधून माळ्यावर ठेवला होता. भाऊंनी डाव्या हाताने तो मांडीवर घेतला, नाकाजवळ नेऊन वास घेतला. श्यामसुंदरांनी त्याच्या लोखंडी पत्र्या एकेक करून उपसल्या. आत तारेची काळी गुंडाळी राहिली.

गुंडाळी उलगडल्याशिवाय जळली कुठे ते कळत नाही, असं भाऊंचं म्हणणं. श्यामसुंदर पुढे झाले, तर भाऊंनी त्यांना मागे सारलं आणि नंदाकडे बोट केलं. जिने जाळला तिने उलगडायचा. त्यांनी गुंडाळी डाव्या हातात धरली आणि नंदा समोर बसून तार ओढायला लागली, एका हाताने ओढायची, दुसऱ्या हाताच्या पंजावर गुंडाळत जायची. उजवा हात त्यांच्या मांडीवर तसाच पडला होता. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळणार कोण, ते आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

"हळू," भाऊ म्हणाले.

ती हळू ओढायला लागली.

"हळू म्हणतो ना. स्पीकर काढून... चालू करतात? कुठल्या... शाळेत शिकलीस? इतकी वर्षं... काय बघितलंस माझ्या घरात?"

अर्धे शब्द तोंडाच्या वाकड्या बाजूने सांडत होते, पण आवाज चढला होता. पूर्वी मला साखरेवरून ऐकवलं होतं तसाच. श्यामसुंदर खाली बघून हसत होते की काय कोण जाणे. नंदा मान खाली घालून सगळं ऐकून घेत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि दोन्ही हातांत तार होती म्हणून तिला ते पुसता येत नव्हतं.