खालचं कुंड

विनीतानं रेकॉर्डर बंद केला, तरी मिसेस डार्बी बोलतच राहिल्या.

"वॉल्टर सहा वर्षांचा होता. माझा धाकटा भाऊ. पोलिओनं त्याचे दोन्ही पाय गेले होते. खाणकामगारांच्या मुलांना वरच्या कुंडात घेत नसत. आमच्यासाठी खालचं."

विनीतानं रेकॉर्डर पुन्हा सुरू केला. कोलोरॅडोच्या डोंगरातल्या या गरम झऱ्यांच्या गावाचा इतिहास लिहायला ती ॲन आर्बरच्या विद्यापीठातून आली होती. उन्हाळाभर तिनं जमवलं होतं ते सगळं गोडच होतं: पाणी पिऊन बरा झालेला न्यायाधीश, झऱ्याकाठी लागलेली लग्नं, पहिली आगगाडी. म्हातारीच्या घरी ती खरं तर जुन्या फोटोंसाठी आली होती.

"झऱ्याचं पाणी उकळतं. ओढ्याचं गार पाणी मिसळलं तरच त्यात बसता येतं," मिसेस डार्बी सांगत होत्या. "त्या दिवशी वरच्या पाहुण्यांना फार गरम होत होतं. हॉटेलच्या मालकानं गार पाण्याचा दरवाजा त्यांच्याकडे वळवला. खाली नुसतं झऱ्याचं पाणी येत राहिलं. मी टॉवेल आणायला वर गेले होते."

"मुलं बाहेर का नाही आली?" विनीताच्या तोंडून निघून गेलं.

मिसेस डार्बींनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. काचबिंदूनं त्यांची नजर केव्हाच गेली होती.

"पायांत बळ नव्हतं म्हणूनच तर त्यांना पाण्यात बसवत होते, पोरी."

तीन मुलं गेली. मालकानं फ्लूची साथ म्हणून सांगितलं, आणि आईबाप त्याच्याच खाणीत कामाला असल्यानं त्यांनीही तेच सांगितलं. एडना, म्हणजे आजच्या मिसेस डार्बी, तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं कुणाला काही सांगायचं नाही, असं आईनं बजावलं होतं.

"तू लिहिशील ना? त्याचं नाव घालून?"

विनीतानं तो सुरकुतलेला हात दोन्ही हातांत धरला. "लिहीन. शब्द देते."

तिनं लिहिलंही. एका बैठकीत, आपोआप आल्यासारखं. तसं पुन्हा कधी लिहायला जमेल असं तिला वाटेना.

पुरुषोत्तमकाकांनी ते प्रकरण वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. सांता क्लारातली कंपनी विकून त्यांनी हे हॉटेल घेतलं होतं, झऱ्यांसकट. गावाच्या इतिहासाचं पुस्तकही तेच लिहून घेत होते.

"सुंदर लिहिलंयस गं. खरंच. वाचताना मला रडू आलं."

"थँक्स, काका."

"पण खालच्या कुंडाचं आपण किड्स पूल करतोय. ऑक्टोबरात ओपनिंग. तूच सांग, कुठली आई पोराला आत सोडेल?"

"काका, मी त्यांना शब्द दिलाय."

"अगं, लिहू नको असं मी कुठं म्हणतोय? लिही की! पुढं तुझ्या थीसिसमध्ये लिही. फक्त इथं नको." त्यांनी तिच्यापुढं चिवड्याची बशी सरकवली. "बरं, तुझा व्हिसा कधी संपतो म्हणालीस?"

"डिसेंबरात."

"मग तुला इथल्या म्युझियममध्ये जॉब द्यायचं, व्हिसाचं लॉयरशी बोलायला हवं. तू पुस्तक फायनल कर, मी लगेच फोन करतो."

विनीता बशीतले शेंगदाणे वेचत राहिली. मग म्हणाली, "त्या जागी मग फोटो टाकू या का?"

"हे बघ, तुला बरोबर कळतं," काका म्हणाले.

प्रकाशनाला अख्खं गाव लोटलं होतं. मिसेस डार्बी निळा कोट घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. विनीता मागच्या दारानं आत आली, तरी त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईनं तिला हाक मारून बोलावलं.

"मला दे," मिसेस डार्बींनी पुस्तक मांडीवर घेतलं, त्याचं वजन पाहिलं. "वॉल्टरचं पान काढ. वाचून दाखव."

"आत्ता? इथं फार गोंगाट आहे..."

"माझे कान शाबूत आहेत."

विनीतानं पान उघडलं. पानभर फोटो होता: निळंशार पाणी, त्यात हसणारी दोन मुलं. ती खाली वाकली आणि म्हातारीच्या कानाशी वाचू लागली. "वॉल्टर सहा वर्षांचा होता. त्याला पाणी आवडायचं..." काढून टाकलेलं प्रकरण तिला शब्दन्‌शब्द पाठ होतं. कुठंही अडखळावं लागलं नाही.

मिसेस डार्बींनी पानावर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

"त्याचं नाव कुठं आहे?"

विनीतानं त्यांचं बोट धरून फोटोतल्या पाण्यावर टेकवलं. "इथं."

"कोपरा दुमडून ठेव. उद्या नात येतेय डेन्व्हरहून. तिच्याकडून पुन्हा वाचून घेईन."

विनीतानं कोपरा दुमडला. नीट, नखानं घडी दाबून.

"विनीता, ये गं वर!" व्यासपीठावरून काकांनी हाक दिली, आणि माइकमध्ये इंग्रजीत म्हणाले, "या गावाला ज्यांनी त्याचा इतिहास परत दिला, त्या आमच्या लेखिका!"

टाळ्या झाल्या. विनीता पायऱ्या चढून वर गेली, शाल घेतली, नमस्कार केला. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी पहिल्या रांगेत एकीच्या चालूच होत्या.