वाकळीत गुंडाळलेली फोटोफ्रेम

मित्रांनो, मी एक जुनी फोटोफ्रेम आहे. जुनी म्हणजे चार वर्षांची. तुमच्यात हे वय बालवाडीचं, पण आम्हा विजेवर चालणाऱ्यांना एवढ्यातच म्हातारपण येतं. सध्या मी एका लोखंडी ट्रंकेत, वाकळीत गुंडाळून पडले आहे. माझी वायर काढून ठेवली आहे. घरचे म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलं आणि तिनं चांगली फ्रेम बिघडवली. मी बिघडलेले नाही आणि म्हातारीचं डोकंही फिरलेलं नाही. पण आमच्या दोघींचं कोण ऐकतं?

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी जहाजानं हॉलंडला गेले. तिथल्या दुकानात वीरधवल नावाच्या इंजिनियरनं मला सेलमध्ये विकत घेतलं. हा वीरधवल मूळचा सातारा जिल्ह्यातला, केळघर घाटाच्या पायथ्याला मेढ्याच्या वाटेवर त्याचं गाव आहे. त्याचे वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या वर्षश्राद्धाला तो एकटाच आला आणि येताना बॅगेतून मला घेऊन आला. मला वाटलं होतं, आपण एखाद्या दिवाणखान्यात राहू. आले ती पत्र्याच्या कपाटावर, सुभेदारांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी.

त्या फोटोपुढे एक लाल झिरो बल्ब रात्रंदिवस जळायचा. खोलीत प्लग एकच होता. वीरधवलनं बल्बची पिन काढली आणि माझी घातली.

"आई, आता मी रोज तुझ्या डोळ्यांसमोर," तो म्हणाला. "संयोगिता तिकडं जे फोटो काढेल ते आपोआप इथं दिसतील. तू काहीच करायचं नाहीस."

त्याच्या आईचं नाव विजयमाला. गाव तिला माला काकी म्हणतं. तिनं बल्बची पिन उचलून पदरानं पुसली आणि खणात ठेवली. वाय-फाय जोडायला शेजारचा पुतण्या भाऊसो आला होता. तो जाताना बजावून गेला, "काकी, वायर तेवढी काढू नगा बरं. वायर काढली की तिकडचं काय येनार न्हाई आन हितलं काय जानार न्हाई."

मग माझे कौतुकाचे दिवस सुरू झाले. वीरधवल, त्याची बायको संयोगिता आणि मुलगी क्रांती यांचं सगळं जगणं माझ्या काचेवर येऊ लागलं. क्रांती हे नाव सुभेदारांच्या हट्टानं ठेवलेलं, तिकडे मात्र तिला सगळे क्रिस म्हणतात. ती सायकलवरून शाळेत जाताना दिसायची. नाश्त्याला ब्रेडवर चॉकलेटचे दाणे भुरभुरून खाताना दिसायची. ते पाहून काकी म्हणायची, "सकाळच्या पारी गोड? पोरीला कोन भाकरी करून घालतंय का न्हाई?" गल्लीतल्या बायका मला बघायला यायच्या. एकदा पवनचक्कीपुढे काढलेला फोटो आला. सगळ्यांनी आ वासला, काकी मात्र म्हणाली, "ह्यात काय? पाटनच्या वरल्या पठारावर ढिगानं हायत." पण रात्री सगळ्या गेल्यावर तोच फोटो पुन्हा येईपर्यंत ती माझ्यापुढे बसून राहिली.

सुट्ट्यांचे फोटो तर विचारू नका. बर्फात घसरणं, स्पेनचा समुद्र, जहाजावरचं जेवण. दर सुट्टीच्या आधी काकी फोनवर विचारायची, "औंदा येनार का रं?" आणि वीरधवल म्हणायचा, "आई, रजाच नाही गं." रजा नाही म्हटल्यावर आठ-दहा दिवसांनी माझ्या काचेवर नवा समुद्र यायचा. काकीनं त्यावरून त्याला कधी काही विचारलं नाही. तिला एकच हवं होतं. क्रांतीला तिनं फक्त तान्ही असताना मांडीवर घेतलं होतं आणि एकदा तरी पुन्हा जवळ घ्यायचं होतं. ते ती मला रोज सांगायची.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधीची गोष्ट. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुतात. काकीकडे एक वाकळ आहे, तिनं स्वतः शिवलेली. मधे सुभेदारांच्या जुन्या वर्दीचे हिरवे तुकडे आणि भोवती तिच्या लग्नातल्या लाल लुगड्याचा काठ. अशी वाकळ पंचक्रोशीत दुसरी नाही. त्या दिवशी तिनं ती धुऊन गच्चीवर पसरली आणि खाली येऊन माझ्याशी बोलत बसली. "घाटाच्या वळनावर आज बी गाड्या थांबल्यात. आमच्या गावाचा फोटो काढत्यात आन फाट्यावरनं सरळ निघून जात्यात," ती म्हणाली.

संध्याकाळी माझ्यात नवे फोटो आले. आधी पठारावरची जांभळी फुलं आली. काकी म्हणाली, "अगं बया, तिकडं बी आपल्यागत तेरडा हाय." मग एका हॉटेलातला पोहण्याचा तलाव. मग घाटातलं एक वळण. कठड्यापाशी वीरधवल, संयोगिता आणि त्यांचं एक गोरं मित्रकुटुंब हसत उभं होतं, पुढे पिवळ्या जाकिटात क्रांती. मागे खाली हिरवं खोरं आणि एक गाव. त्या गावातल्या एका गच्चीवर काहीतरी पसरलेलं होतं. काकीनं चष्मा लावला आणि दोन बोटांनी माझ्या काचेवर फोटो मोठा केला. हिरवा मध्य, लाल काठ.

"माजी वाकळ," ती म्हणाली.

तुम्हाला वाटेल ती रडली असेल. छे! ती आनंदली. तिला वाटलं, पोरं न सांगता आली, आता दारात उभी राहणार. तिनं त्या रात्रीच डाळ शिजत घातली आणि पुरण वाटलं. कोरी चादर काढली. सकाळी आंघोळ करून उंबऱ्यात बसली. एकेका गाडीच्या आवाजाला उठून उभी राहायची. संध्याकाळपर्यंत पुरण आंबलं. मी काचेवर तोच फोटो फिरून फिरून दाखवत होते. जे येईल ते दाखवायचं एवढंच मला येतं.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन लावला.

"धवल, कुठं हायेस रं?"

"ऑफिसात, आई. का गं?"

"न्हाई, वळनावरचा फोटू बगितला. माजी वाकळ दिसतीय त्यात. घरला कवा येताय?"

तो हसला. "अगं, कसला फोटो? आम्ही इथंच आहोत. तुला भास झाला असेल."

ती माझ्याकडे बघत बोलत होती आणि तिच्या डोळ्यांदेखत माझ्या पोटातून फोटो जाऊ लागले. तिकडून कुणीतरी एकेक पुसत होतं. आधी फुलं गेली, मग तलाव गेला, मग वळण गेलं. शेवटी पुन्हा पवनचक्की आली.

काकी धावत भाऊसोच्या दारात गेली आणि त्याला हाताला धरून घेऊन आली. त्यानं मला उलटंसुलटं केलं, सगळे फोटो पुढे-मागे केले. "न्हाई ओ काकी, आसला काय फोटू न्हाई ह्यात," तो म्हणाला. बिचारा खरंच बोलत होता. त्याच रात्री वीरधवलनं त्याला फोन केला आणि काळजीच्या सुरात सांगितलं, "भाऊसो, आईचं वय झालंय. भलतंसलतं दिसतंय तिला. साताऱ्याला नेऊन डॉक्टरला दाखव, खर्चाचं मी बघतो." एवढा हळवा मुलगा कुणाला मिळतो, असं भाऊसोची बायको म्हणाली.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी तिला वार विचारला, गावाचं नाव विचारलं, वजाबाकी घातली. सगळं तिनं बरोबर सांगितलं. शेवटी विचारलं, "मुलगा शेवटचा कधी आला होता?" ती म्हणाली, "गेल्या आठवड्यात. पर घरला आला न्हाई." डॉक्टरांनी भाऊसोकडे पाहिलं. भाऊसोनं मान हलवली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. हे सगळं भाऊसोनं माझ्यासमोर बसून वीरधवलला फोनवर सांगितलं आणि काकी शेजारीच बसून ऐकत होती.

त्या गोळ्यांनी ती दुपारीही झोपू लागली. बोलताना जीभ जड व्हायची. तरी ती हेका सोडत नव्हती. नळावर, देवळात, गिरणीत, जो भेटेल त्याला ती वाकळीचा फोटो सांगायची. पोरंटोरं हसायची. बायका तिच्या तोंडावर हो म्हणायच्या आणि पाठ वळली की डोक्याशी बोट फिरवायच्या.

मग रविवारी व्हिडिओ कॉल आला. काकी फोन हातात धरून माझ्यापुढे पाठमोरी उभी राहिली, त्यामुळे बघायला-ऐकायला मी अगदी जवळ होते. समोर क्रांती होती, आठ वर्षांची, दोन वेण्या घातलेली.

"बाळा, तुज्याकडं पिवळं जाकीट हाय का गं?"

"हो, आजी."

"ते घालून तू डोंगरावर उबी हुतीस न्हवं? खाली आजीचं घर दिसत हुतं. खरं सांग माज्या बाई, आजीला लय लोकं येडी म्हनत्यात."

क्रांतीनं तोंड उघडलं आणि तिनं बाजूला पाहिलं. तिथे कोण होतं ते आम्हाला दिसलं नाही. पोरीचे कान लाल झाले.

"नाही, आजी," ती म्हणाली. "आम्ही नव्हतो आलो." आणि तिचे डोळे भरून आले.

काकीनं ते डोळे पाहिले. मग तिनं हसून हात हलवला. "तेच म्हनतीय मी. भासच झाला आसंल. म्हातारपनाला आसं हुतंच. रडू नगं, जा, खेळ जा."

बाजूला जे कुणी होतं त्यालाही तिनं मोठ्यानं सांगितलं, "धवल, मी गोळ्या घेती बाबा. पोरीला पुना काय इचारनार न्हाई."

त्या दिवसापासून काकी सगळ्यांना सांगू लागली की आपल्यालाच भास झाला होता. लोक सुटले. गोळ्यांचा गुण आला, असं भाऊसोनं कळवलं. वीरधवल म्हणाला, "बघ, वेळेवर उपचार केले म्हणून." मला त्याचा असा संताप आला म्हणून सांगू! पण माझ्या काचेवर त्याचाच हसरा चेहरा फिरत होता आणि तो मलाच उजळून दाखवावा लागत होता.

दिवाळी जवळ आली. एका सकाळी काकी मला पुसत होती आणि माझ्यात एक नवा फोटो आला. क्रांतीनं शाळेत काढलेलं चित्र होतं ते. बाईंनी वर्गाला सांगितलं असावं, सुट्टीत काय पाहिलं ते काढा. चित्राला चांगला शेरा मिळाला होता म्हणून संयोगितानं कौतुकानं फोटो काढला असणार, आणि तो आपोआप इकडे आला. चित्रात डोंगर होता, त्यावर पिवळ्या जाकिटातली मुलगी होती. तिनं हात वर केला होता. खूप खाली एक घर होतं, गच्चीवर एक चौकोन होता. मधे हिरवा, भोवती लाल. गच्चीवर एक ठिपका होता, त्यालाही हात काढला होता, वर केलेला.

काकी त्या दिवशी गच्चीवर हात करून उभी नव्हती. तो हात पोरीनं स्वतःच्या मनानं काढला होता.

काकीनं कुणाला हाक मारली नाही. भाऊसो भिंतीपलीकडेच होता, हे चित्र बघून त्याला मान्य करावंच लागलं असतं. गावाची तोंडं बंद झाली असती, गोळ्या सुटल्या असत्या. मला वाटलं, आता बोलेल. पण भाऊसोला दाखवलं तर तो हॉलंडला फोन करणार, तिकडे कुणीतरी पोरीला जाब विचारणार आणि मग हे चित्रही जाणार. एवढं सगळं त्या गोळ्या खाल्लेल्या डोक्यानं ओळखलं.

तिनं माझ्या काचेवरून, त्या वर केलेल्या हातावरून, एकदा बोट फिरवलं. "राहू दे ह्यो हितंच," ती म्हणाली. आणि तिनं वायर ओढली.

आता मला वायर जोडली की मी तिकडचं ऐकणार आणि तिकडे पुसलेलं इथेही पुसलं जाणार. म्हणून काकी मला जोडत नाही. क्रांतीची पुढची सायकल, पुढचा वाढदिवस, पुढचा समुद्र, काहीच आता तिला दिसणार नाही. हे चित्रही तिला दिसत नाही. ते माझ्या पोटात आहे आणि मी अंधारात आहे, एवढंच तिला ठाऊक आहे. वीरधवल म्हणतो, आता तर आईनं फ्रेमच मोडली, गोळी वाढवा. ती वाढलेली गोळी ती घेते.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी विनवतात की आम्हाला पुसा, जपा, चालू ठेवा. मी तसं म्हणणार नाही. ही ट्रंक कधी तुमच्या हाती लागली तर मला जोडू नका. आणि तुमच्याशी बोलताना एखादी आजी काही विचारत असेल आणि बाजूला कुणी उभं असेल, तर त्यांच्याकडे बघू नका, आजीकडे बघा.

कपाटावर सुभेदारांचा लाल बल्ब पुन्हा लागला आहे. ट्रंकेच्या फटीतून मला तो थोडासा दिसतो. रोज रात्री झोपायच्या आधी काकी झाकण उघडते, वाकळीवरून हात फिरवते आणि माझी वायर काढलेलीच आहे ना, ते चाचपून बघते.