दशांशांची शोधाशोध

लातूरच्या प्रशिक्षणात हा खेळ फार देखणा झाला होता. चिठ्ठीवरचं उदाहरण सोडवायचं, त्याचं उत्तर ज्या चिठ्ठीच्या माथ्यावर असेल ती वर्गात हुडकायची आणि तिच्यावरचं उदाहरण घेऊन पुढे जायचं. पण तिथे खेळणारे सगळे शिक्षक होते. जळकोट तालुक्यातल्या आपल्या शाळेत, पाचवीच्या वर्गात लुंबिनीने शिट्टी वाजवली आणि हा फरक तिला लगेच कळला.

वर्गात सगळ्यांत उंच असलेल्या शिवशंकरने उदाहरण वाचलंच नाही. नकाशामागची, खिडकीच्या गजाची, माठाखालची, दिसेल ती चिठ्ठी ओढून त्याने खिशात कोंबली आणि आपण जिंकलो म्हणून बाकावर चढला. बाकीचे गट हुडकतच राहिले. कुणी कपाट सरकवलं, कुणी माठ कलंडला. सात शतांश कुठंच सापडत नाहीत म्हणून एक पोरगी रडकुंडीला आली. ते शिवशंकरच्या खिशात होते.

गलका ऐकून मुख्याध्यापक वीरण्णा सर दारात आले. ओली फरशी बघून, हे गणित चालू आहे का, एवढंच त्यांनी विचारलं आणि ते निघून गेले. लुंबिनीचे कान तापले. ती इतक्या जोरात ओरडली की पोरं जागच्या जागी थिजली.

चुरगळलेल्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवून तिने फळ्यावर ०.५ आणि ०.४५ लिहिलं. मोठं कोणतं? झाडून सगळे हात ०.४५ साठी वर गेले. महिनाभर ती हेच शिकवत होती. एकक, दशांश, शतांश, घरं आखून, रंगीत खडूने. तिला खडू फेकून घरी जावंसं वाटलं. तरी ०.४५ लहान आणि ०.५ मोठं, असं ती पुन्हा समजावू लागली.

तेवढ्यात पुनम उठली. ही पोरगी एरवी तोंड उघडत नसे.

"मॅडम, पंचेचाळीस पाचापरीस लहान कसं हुईल?"

लुंबिनी बोलता बोलता थांबली. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. तिने मीटरपट्टी आणि सुतळी मागवली. ०.५ मीटरचा एक तुकडा, ०.४५ चा दुसरा. दोन्ही पुनमच्या हातात दिले. ०.५ चा तुकडा दुसऱ्याहून खाली लोंबत राहिला. वर्गात कुजबुज झाली. लुंबिनीला जरा हायसं वाटलं.

"समजलं मॅडम," शिवशंकर म्हणाला. "आकडे कमी तितकं मोठं. मंग शून्य पॉइंट पंच्याहत्तर तर पाचाहून लहानच."

अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. लुंबिनी खुर्चीत बसली. एक खड्डा बुजवावा तर शेजारी दुसरा, असं झालं होतं. रागाने काही बोलण्याऐवजी तिने सुतळीचा गुंडा त्याच्यापुढे सरकवला.

"तूच काप. पाऊण मीटर."

त्याने मापून कापली, पुनमच्या तुकड्यांशेजारी धरली आणि तो बघतच राहिला.

"हे तर लई लांब हाय."

"मंग पहिल्यांदा बघायचं काय?" पुनमने विचारलं.

पॉइंटच्या लगेच पुढचं घर, दशांशाचं, असं लुंबिनी सांगत होती तेवढ्यात खिचडीची घंटा झाली आणि वर्ग मोकळा झाला. कुणी किती ऐकलं, देव जाणे.

पुढच्या आठवड्याच्या चाचणीत बऱ्याच जणांनी पुन्हा ०.४५ लाच मोठं म्हटलं. लाल रेघा मारताना लुंबिनीचं पेन कागदातून आरपार गेलं. शिवशंकरचं बरोबर होतं. पुनमने आधी चुकीचं लिहिलं होतं, मग खोडून, आकड्यांखाली घरं आखून बरोबर केलं होतं. तो कागद लुंबिनीने दोनदा पाहिला. मग वीरण्णा सरांकडे जाऊन, दशांशाला अजून दोन तास लागतील, असं तिने सांगितलं. अभ्यासक्रम मागे पडतोय म्हणून ते कुरकुरले.

"पडू द्या सर," ती म्हणाली आणि सुतळी घेऊन वर्गाकडे वळली.