दोन डोळ्यांची खुर्जी

मित्रांनो, मी एक जुनी खुर्जी आहे. खुर्जी म्हणजे मधोमध जोडलेल्या दोन पिशव्या. घोड्याच्या पाठीवर टाकली की एक डावीकडे लोंबते, एक उजवीकडे. आमच्या उझ्गेनच्या डोंगरात या पिशव्यांना डोळे म्हणतात. दोन्ही डोळ्यांत सारखे वजन भरावे लागते, नाहीतर मी एका बाजूला घसरते आणि घोडा वैतागतो. माझ्या अंगी असलेली विद्या काय ती एवढीच.

माझी मालकीण झूराकान हिच्या आईने मला तपकिरी मेंढीच्या लोकरीतून विणले, ते झूराकानच्या लग्नासाठी. पुढे कित्येक उन्हाळे मी तिच्याबरोबर वरच्या कुरणांवर गेले. तिची मुलगी बुरुल तान्ही असताना माझ्या एका डोळ्यात बसून जायची आणि वजन सारखे राहावे म्हणून दुसऱ्यात मिठाचा खडा ठेवायचे. बुरुल वाढली तसा खडाही वाढला. त्या दिवसांत लोक मला हात लावून म्हणत, "काय वीण आहे!" मला ते ऐकायला फार आवडायचे, खोटे कशाला बोलू?

मग घोडा गेला आणि घरात चाकांच्या बॅगा आल्या. मी गोठ्यात कांदे भरून पडले. एका उंदराने माझ्या कोपऱ्याला भोक पाडले, ते शिवायलाही कोणी आले नाही. वाईट वाटायचे, पण सांगणार कोणाला?

गेल्या शरदात बुरुलला मुलगी झाली. बुरुल राहते दूर नोवोसिबिर्स्कला, तिथे एका बेकरीत काम करते. आमच्यात बाळाला चाळिसाव्या दिवशी चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घालतात आणि शेजारच्या चाळीस घरांतून आणलेल्या तुकड्यांचा सदरा घालतात. बुरुल फोनवर आईजवळ रडू लागली. "आपा, इथं चाळीस घरं कुठून आणू? समोर कोण राहतं तेसुद्धा मला माहीत नाही."

"मी येते," झूराकान म्हणाली.

तिचे वय एकाहत्तर. वसंतातच तिच्या पाठीचे ऑपरेशन झाले होते. तिचा मुलगा कुबात ऐकताच भडकला. "आपा, डॉक्टर काय म्हणाले विसरलीस? वाटेत तुझं सामान कोण उचलणार?" तो ओरडत होता, पण मनातून घाबरला होता. वडील गेल्यापासून आई नुसती खोकली तरी तो धावत बघायला येई. शेवटी त्याने अट घातली. विमानात सोबत नेता येते तेवढी एकच पिशवी न्यायची आणि ती तिने स्वतः डोक्याच्या वर उचलून वरच्या कप्प्यात ठेवायची. "आधी घरात करून दाखव. नाही जमलं तर तिकीट रद्द."

घरातल्या पेटीवर रजयांची उंच चळत असते. तिच्यावर पिशवी ठेवायची, अशी परीक्षा ठरली. चाकांची बॅग रिकामीच इतकी जड होती की झूराकानने ती गुडघ्यापर्यंत उचलून खाली ठेवली. मग ती गोठ्यात आली. तिने माझ्यातले कांदे ओतले, सालपटे झटकली, उंदराचे भोक शिवले.

कुबात हसला. "आता विमानाला खोगीर घालणार का?"

"घालीन. तुझ्या जिभेला लगाम घालायचा तेवढा राहून गेला बघ."

पण गावात बातमी पसरली आणि घोटाळा झाला. आमच्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसाजवळ जो तो तिकडे पोचवायला काहीतरी देतो. त्याला अमानत म्हणतात, आणि ती नाकारणे म्हणजे त्या घराशी बोलणे तोडणे. शेजारच्या ऊपोलने लाल तांदूळ आणला. कोणी अक्रोड आणले, कोणी मध, कोणी जर्दाळू, कोणी वाळवलेल्या दह्याचे गोळे. माझे दोन्ही डोळे फुगून बाहेर आले. झूराकानने मला उचलले, छातीपर्यंत नेले, पण त्यापुढे हात जाईनात. मी धपकन खाली पडले. ती तिथेच बसून राहिली.

"झालं ना?" कुबात हळूच म्हणाला. "करतो तिकीट रद्द."

मला इतकी लाज वाटली, मित्रांनो! घरचे माणूस अडले, तेही माझ्या ओझ्याने.

"दुपारपर्यंत थांब," झूराकान म्हणाली आणि तिने मला उलटी करून सगळे बाहेर ओतले.

ऊपोल दारातच होती. "माझा तांदूळ काढलास? मी काय परकी आहे?"

"तुझा तांदूळ गेला तर मी राहते, ऊपोल. बोल, दोघांतलं कोणाला पाठवायचं?"

ऊपोलने आपला तांदूळ परत उचलला. "म्हणजे माझ्याकडचं काहीच नेणार नाहीस?" तिने पडेल आवाजात विचारले.

"कात्री घे. तुझ्या घरातलं बोटभर कापड दे. सगळ्यांना तेच सांग."

ऊपोल धावत सुटली. तिने स्वतः मखमली बंडीच्या आतली शिवण उसवून तुकडा कापला. मास्तरांच्या घरून पडद्याची किनार आली. म्हाताऱ्या मामातची बायको त्याच वसंतात वारली होती. तो तिचा रुमाल घेऊन आला आणि त्याचा नखाएवढा तुकडा कापून म्हणाला, "लहान झाला. रागावू नकोस." झूराकानने तो तुकडा सगळ्यांच्या वर ठेवला. चाळीस घरांचे मिळून वजन एका सफरचंदाएवढेही भरले नाही.

माझ्या एका डोळ्यात तुकडे, औषधे आणि शाल. दुसऱ्यात बदलायचे कपडे आणि एक नान. जाड कपडे तिने अंगावरच चढवले. मग तिने मला उचलले आणि मी सरळ रजयांवर जाऊन बसले.

"पुन्हा एकदा," कुबात म्हणाला. तिने पुन्हा उचलले. "बस, दमशील," तो म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तो रडत होता.

ओशच्या विमानतळावर सोबतचे सामान मापायला चार पायांचा एक लोखंडी सांगाडा होता. तिथली मुलगी म्हणाली, "आपा, पिशवी यात बसवून दाखवा." झूराकानने मला सवयीने त्याच्या काठावर टाकले, एक डोळा आत, एक बाहेर, आणि ओढून पाहिले. "बसली. अगदी घट्ट बसली."

"अहो आपा, तो घोडा नाही!"

"मग त्याला पाय कशाला दिलेत?"

मुलगी हसून हसून बेजार झाली. तिने माझी दुहेरी घडी केली आणि मी त्यात बसले, वर जागाही उरली.

विमानात झूराकानने मला वर ठेवले. पण मित्रांनो, काढायचे कसे, याची परीक्षा कुबातने घेतलीच नव्हती! विमान उतरले, मागून माणसे ढकलू लागली. ती हात वर करून उभी होती आणि मला भीती, की मी तिच्या पाठीवर कोसळणार. तेव्हा तिने माझा एकच डोळा ओढून खाली सोडला, घोड्यावरून लोंबतो तसा. मग खाली खांदा लावला आणि मला हलके ओढले. मी अलगद तिच्या खांद्यावर आले, एक डोळा छातीवर, एक पाठीवर. वजन बरोब्बर सारखे. तिने हुश्श केले, मीही केले.

बाकीचे लोक सामानासाठी थांबले. झूराकान सरळ बाहेर गेली. बुरुल बाळ घेऊन उभी होती आणि हातगाडी शोधत होती.

"आपा! सामान कुठंय?"

"हे काय, खांद्यावर."

"एवढंच?"

"सगळं आणायचं तर मलाच मागं ठेवावं लागत होतं, पोरी."

बुरुलच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तिने बाळ पुढे केले. झूराकानला काही खाली ठेवावे लागले नाही, कोणाला धर म्हणावे लागले नाही. तिने हात पुढे केले आणि नात घेतली.

दोन दिवसांनी सदरा शिवून झाला. चाळीस चमचे पाण्याने न्हाऊन बाळाने तो घातला आणि लगेच ओला केला. मामातचा तुकडा गळ्याजवळ होता, तो कोरडा राहिला.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरचे म्हातारे माणूस प्रवासाला निघाले की त्याची पिशवी एकदा उचलून पाहा. जड लागली तर ओरडू नका. शेजारी बसा, कोणासाठी काय घेतले आहे ते विचारा आणि एकेक वस्तू त्याच्याच हाताने काढू द्या. दुसऱ्या टोकाला जे कोणी वाट पाहत असते, त्याला मिठीत घ्यायला दोन हात लागतात. ते दोन्ही मोकळे राहतील एवढेच सामान त्याच्याबरोबर द्या.